सातव्या महिन्यातलं इंजेक्शन

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात बाळंतपण म्हटलं की पहिला प्रश्न रस्त्याचा. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून बाईला झोळीत घालून खाली आणावं लागतं, नर्मदाकाठी बोटीची वाट पाहावी लागते. त्यात कळा सातव्या महिन्यातच सुरू झाल्या तर बाळाची फुप्फुसं कच्ची असतात. अशा वेळी आईला डेक्सामेथासोनचं इंजेक्शन देतात: ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, चार वेळा. २०१४च्या सरकारी सूचनांनुसार एएनएम ताईही पुढे पाठवण्याआधी पहिला डोस देऊ शकते.

हे स्टेरॉइड आहे. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउवी यांनी १९७२ साली दाखवलं की अशा औषधाने अपुऱ्या दिवसांची बाळं वाचतात. पण ते फक्त फुप्फुसांपाशी थांबत नाही. माणूस घाबरला की मेंदूच्या हुकमाने मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. पुरेसं झालं की तेच कॉर्टिसॉल मेंदूला 'बस' म्हणतं. ही घडी पोटातच बसायला लागते. आईचं बरंचसं कॉर्टिसॉल वार निकामी करते, डेक्सामेथासोन मात्र पार जातं. म्हणून जन्मानंतर काही दिवस बाळाची ही यंत्रणा मंद दिसते. फिनलंडच्या सुमारे ६ लाख ७० हजार मुलांच्या २०२०च्या अभ्यासात, पोटात असताना स्टेरॉइड मिळालेल्या मुलांत मानसिक व वर्तनाच्या तक्रारी सुमारे १२ टक्के, इतरांत साडेसहा टक्के आढळल्या. दोष औषधाचाच, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या मुलांतही फरक दिसला, हे विसरता येत नाही.

मग इंजेक्शन नाकारायचं का? मुळीच नाही. २०२०मध्येच आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत बेळगावही होतं. तिथे चांगल्या रुग्णालयांत नवजात मृत्यू कमी झाले. त्याआधी २०१५च्या गावपातळीवरच्या चाचणीत, ज्यात नागपूर आणि बेळगाव होते, सगळी बाळं धरली तर मृत्यू उलट थोडे वाढले. औषधाची गरज नसलेल्या अनेक बायकांनाही ते मिळालं होतं. म्हणजे खरा प्रश्न एकच: दिवस किती भरले?

इथेच आपली अडचण होते. पहिली सोनोग्राफी उशिरा, कार्डावरची तारीख अंदाजाची. माझ्या मावसबहिणीला डॉक्टरांनी शेवटच्या पाळीची तारीख विचारली, तर ती गप्प. खालाजान म्हणाल्या, "हिचे रमजानचे शेवटचे पाच रोजे सुटले होते, ईदच्या दिवशीही नमाज नव्हती." डॉक्टरांनी कॅलेंडर काढलं आणि हिशेब लागला. पाळीच्या दिवसांचा असा हिशेब आपल्या बायका पिढ्यान् पिढ्या ठेवत आल्या आहेत, कारण सुटलेले रोजे नंतर पुरे करायचे असतात. फक्त तो दवाखान्यात सांगायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. डोंगरात पावरा-भिल्ल बायकांसाठी हीच खूण होळी असते: होळीच्या आधी की नंतर?

सासवांनो, नवऱ्यांनो, ही लाजेची गोष्ट नाही. पाळी चुकली की तारीख लिहून ठेवा आणि पहिल्या तीन महिन्यांत तपासणी करून घ्या. कळा लवकर आल्या आणि डॉक्टर इंजेक्शन देतो म्हणाले तर घ्या, पण आधी तो कागद त्यांच्या हातात द्या.