दुसरा अर्थ

जोतिबाच्या डोंगरावर, म्हणजे कागदोपत्रीच्या वाडी रत्नागिरीला, आम्ही तिघे गेलो होतो ते शब्दांसाठी. चैत्र यात्रेला सासनकाठ्यांबरोबर येणाऱ्या आणि माघातल्या रविवारी कोल्हापुराहून पायी डोंगर चढणाऱ्या मंडळींची गाणी आम्ही ध्वनिमुद्रित करत आलो आहोत. त्यांतल्या अनवट शब्दांचा एक लहानसा कोश करावा आणि प्रत्येक अर्थ गाणाऱ्यांच्याच तोंडून घ्यावा, असा बेत होता. पद्धत साधी होती. टॅबलेटवर मुद्रणाचा एक तुकडा ऐकवायचा, आजी अर्थ सांगत, आम्ही तो टिपून घेत असू आणि पुढच्या तुकड्यावर बोट ठेवत असू. सारी मुद्रणे एका भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर ठेवलेली होती.

तुकडा बहुधा तत्क्षणी वाजे. मधूनच मात्र, कसलाही नियम न पाळता, तीन-चार सेकंद काहीच घडत नसे. अशा वेळी आम्ही तिघेही मान खाली घालून पडद्याकडे पाहत राहायचो. एकदा आजींनी विचारले, "चुकलं व्हय माझं?" आम्ही हसून नाही म्हटले आणि दोष डोंगरावरच्या मोबाइलच्या रेंजवर ढकलून मोकळे झालो.

कोशाचा कच्चा मसुदा वाचताना 'खेटा' या शब्दापाशी आम्ही अडखळलो. अर्थ लिहिला होता 'हेलपाटा'. प्रमाण मराठीत ते ठीकच आहे; कचेरीत घालावे लागतात ते खेटे आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. पण जोतिबाचा खेटा म्हणजे माघातल्या रविवारची श्रद्धेची पायवाट. तिला हेलपाटा म्हणणारी बाई या डोंगरावर भेटणे कठीण. त्या बैठकीचेही मुद्रण आम्ही ठेवले होते. ते ऐकले. आजी आधी म्हणाल्या होत्या, "देवाला चालत यायचं." मग चार सेकंदांची शांतता. मग जरा दबक्या आवाजात, "हेलपाटा म्हना की." आमच्या वहीत पहिला अर्थ खोडलेला होता.

यंत्राच्या उशिराला त्यांनी आमची नापसंती समजले होते. वर्गात आम्हीही हेच करतो की. विद्यार्थ्याच्या उत्तरावर क्षणभर गप्प राहिलो, की तो उत्तर बदलतो.

आता उशिराचे मूळ शोधणे भाग होते. रेंजचा आरोप टिकला नाही, कारण कोल्हापुरात तारेच्या जोडणीवरही तेच होत होते. मशीनची दैनंदिन सरासरी पाहिली, तर ती निर्दोष. सरासरीचा हा स्वभावच आहे; शंभरांतला एक अडखळलेला प्रतिसाद तिच्या पोटात सहज जिरतो. जेफ डीन आणि लुईझ बरोझो यांनी २०१३ साली एका लेखात दाखवलेला हिशेब इथे आठवावा: शंभरांत एकदा अडखळणाऱ्या शंभर यंत्रांकडून एकाच कामासाठी उत्तरे घ्यायची असतील, तर शंभरांपैकी ६३ कामे रखडतात. आमच्या एका बैठकीत शंभरेक तुकडे वाजत. गणित तेच.

मग मशीनची स्वतःची नोंदवही पाहिली. तिच्या मते प्रत्येक मागणी आली आणि लगेच पुरी झाली. ही नोंदवही खोटे बोलत नव्हती, आणि सगळा गुंता तिथेच होता. व्हर्च्युअल मशीन हे खऱ्या संगणकावर उभे केलेले संगणकाचे सोंग आहे. कल्पना जुनी, आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने बाजारात आणलेली. एका खऱ्या यंत्रावर अशी अनेक सोंगे नांदतात आणि प्रोसेसर आळीपाळीने वापरतात. शेजाऱ्यांची गर्दी झाली की आपल्या मशीनला पाळी येईपर्यंत थांबावे लागते, आणि थांबलेल्या मशीनला त्या वेळी काहीच करता येत नाही, नोंद करणेसुद्धा. आमची मागणी दाराशी येऊन पडलेली असे. नोंदवहीत आगमनाची वेळ पडे ती दार उघडल्यावरची.

सुदैवाने खालचे यंत्र हवे तर ही थांबलेली वेळ वरच्या मशीनला कळवू शकते. लिनक्समध्ये २००५ पासून तिचा वेगळा हिशेब असतो: स्टील टाइम, चोरीला गेलेला वेळ. 'टॉप' ही आज्ञा दिली की तो 'एसटी' या दोन अक्षरांखाली दिसतो. मराठी माणसाने ताटकळण्याचा आकडा एसटीखाली शोधावा, हा योगायोग आम्हांला फार आवडला. सेकंदासेकंदाला तो स्तंभ टिपत बसलो. एरवी शून्य, आणि नेमका रखडण्याच्या क्षणी तीस-चाळीस टक्के.

उपाय दोन केले. स्वतंत्र प्रोसेसर राखून ठेवणारे महागडे मशीन घेतले, आणि बैठकीपुरते तुकडे टॅबलेटवरच उतरवून ठेवले. दुसरा उपाय फुकटचा होता आणि आधीच सुचायला हवा होता.

कोश मात्र इतक्यात दुरुस्त होईना. सर्व बैठकी पुन्हा ऐकून, लांब शांततेनंतर बदललेले अर्थ वेगळे काढले. अठरा निघाले. त्यांतले काही खरोखरच आजींनी स्वतः विचार करून सुधारलेले असतील. कोणते, ते मुद्रणावरून कळत नाही. गुलालाने माखलेला टॅबलेट घेऊन आम्ही पुन्हा डोंगरावर गेलो. आजींनी अकरा शब्दांचे पहिले अर्थ कायम केले. 'खेट्या'पाशी त्या म्हणाल्या, "तवाच सांगितलं न्हवं का." बाराव्या शब्दावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि दमल्या म्हणून उठल्या. उरलेले सात शब्द प्रश्नचिन्हांसह तसेच आहेत. माघातल्या रविवारी पुन्हा जायचे ठरले आहे.