रस्टिकेट

जरीपटका, नागपूर – १४

चि. मनू,


तुझं पत्र काल मिळालं. तुमच्या कॉलेजातल्या रॅगिंगच्या प्रकरणातला आदेश मराठीत काढायचा आहे आणि 'रस्टिकेट'साठी कुठला शब्द घालू, असं विचारलं आहेस. समितीतलं कुणी 'निलंबित' म्हणतं, कुणी 'निष्कासित'. यातला एकही घालू नकोस. शब्द शोधण्याआधी तुम्हाला एक गोष्ट ठरवावी लागेल: शिक्षा होणारा मुलगा परत येणार आहे की नाही.

आपल्याकडे 'रेस्टिकेट केला' असं कानावर आलं की नाव कायमचं कटलं, असंच लोक समजतात. हिंदी सिनेमांतल्या प्रिन्सिपॉलांनी तो समज घट्ट केला. मूळ क्रियापद मात्र इतकं कठोर नाही. लॅटिनमध्ये 'रूस' म्हणजे शेतशिवार, गावाकडचा मुलूख. त्यावरून 'रुस्तिकारी', म्हणजे गावी जाऊन राहणं. रोममधल्या खटल्यांतून आणि राजकारणातून सवड मिळाली की सिसेरो तुस्कुलमच्या आपल्या वाड्यावर जाऊन राही, वाचे, लिही, ते हे. सतराव्या शतकात इंग्रजीत हे क्रियापद आलं ते याच अर्थानं. शिक्षेचा अर्थ त्याला पुढे विद्यापीठांनी दिला. चुकलेल्या विद्यार्थ्याला ठरावीक काळ बाहेर, गावाकडे पाठवायचं आणि मुदत संपली की परत घ्यायचं. कायमचं काढायला त्यांच्याकडे 'एक्सपेल' हे वेगळं क्रियापद होतंच. १८११ मध्ये नास्तिकतेवरच्या पत्रकापायी ऑक्सफर्डनं शेलीला काढलं ते तसं. तो परत गेला नाही.

रस्टिकेट झालेले मात्र परत आले. १६२६ च्या सुमारास केंब्रिजमध्ये मिल्टनचं आपल्या ट्यूटरशी, विल्यम चॅपेलशी बिनसलं आणि त्याला काही दिवस कॉलेजबाहेर राहावं लागलं. तो कुठल्या खेड्यात गेला नाही. लंडनला, वडिलांच्या घरी गेला. मित्राला त्यानं लॅटिन पद्यात पत्र लिहिलं आणि आपण इथं मजेत आहोत, असं कळवलं. परत आल्यावर कॉलेजनं त्याला दुसरा ट्यूटर दिला आणि १६२९ मध्ये तो पदवीधर झाला. यातला दुसरा ट्यूटर देण्याचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. परत घ्यायचं म्हणजे नुसतं फाटक उघडायचं नाही. ऑस्कर वाइल्ड १८७७ मध्ये ग्रीसच्या प्रवासाहून सत्र सुरू झाल्यावर उगवला म्हणून ऑक्सफर्डमधून रस्टिकेट झाला. पुढच्याच वर्षी त्यानं कवितेचं न्यूडिगेट पारितोषिक मिळवलं आणि परीक्षेत पहिला वर्गही.

या क्रियापदातलं एक मात्र मला कधीच पटलेलं नाही. गावी पाठवणं ही शिक्षा कशी? पूर्व विदर्भातल्या खेड्यांतून पोरं-पोरी तुमच्या वसतिगृहात येतात. तुमच्या या शब्दानं त्यांचं घरच शिक्षा ठरतं. दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर सिसेरोचं ते सुखाचं गावही सगळ्यांचं नव्हतं. त्याच्या शेतावर राबत होते ते गुलाम. माझ्या घरापासून इंदोरा ही आंबेडकरी वस्ती हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या कितीतरी घरांना गाव म्हणजे काय होतं ते कुणी सांगायला नको. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याचं कौतुक साफ नाकारलं होतं. ज्यांना गावात पाणवठाही मोकळा नव्हता, त्यांच्यासाठी शहर आणि शहरातलं कॉलेज हीच सुटका होती. अशा घरातल्या मुलाला 'गावी जा' म्हणणं आणि वाड्याच्या मालकाच्या मुलाला 'गावी जा' म्हणणं, ही एकच शिक्षा नव्हे.

चीनमध्ये १९६८ च्या डिसेंबरात माओनं शहरी तरुणांना खेड्यात धाडण्याची हाक दिली, तेव्हा इंग्रजी लेखकांनी त्यालाही हेच क्रियापद लावलं. दीड कोटीहून जास्त तरुण-तरुणी गेले. आजचे राष्ट्राध्यक्ष शी चिनफिंग शाआन्शी प्रांतातल्या एका खेड्यात जवळपास सात वर्षं होते. कित्येकांचं शिक्षण तिथंच थांबलं, कारण परतीची तारीख कुणी सांगितलीच नव्हती.

आता आपल्या नागपूरचं. १९३८ च्या अखेरीस निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याचा हट्ट सोडला नाही. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातली मुलंही त्यात होती. विद्यापीठानं त्यांना काढून टाकलं. हे रस्टिकेशन नव्हतं. परतीची वाट बंदच होती आणि इतर ठिकाणीही प्रवेश मिळेना. नागपूर विद्यापीठ तेव्हा अवघं पंधरा वर्षांचं होतं. कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना आत घेतलं. त्यांत वारंगळकडचा एक मुलगा होता, पी. व्ही. नरसिंह राव. पुढे त्यांनी कायद्याची पदवी नागपूर विद्यापीठाचीच घेतली, ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेली आणि १९९१ मध्ये ते पंतप्रधान झाले. ते मोठे झाले म्हणून हे सांगत नाही. त्यांच्याबरोबर आलेल्या ज्या मुलांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठीही तो निर्णय तेवढाच मोलाचा होता. एका संस्थेनं दार लावलं तरी दुसरं उघडतं, एवढा भरवसा या शहरानं त्यांना दिला. माझ्या गल्लीतल्या सिंधी कुटुंबांची मुलंही फाळणीनंतर अशीच इथल्या शाळांत बसली. त्यांना तर परत जायला गावच उरलं नव्हतं.

तुमचं प्रकरण वंदे मातरम्‌चं नाही, हे मला कळतं. एका पोरानं दुसऱ्याला रात्ररात्र छळलं आहे. माझी सहानुभूती आधी छळ झालेल्या मुलाकडे आहे, हे स्पष्ट सांगते. म्हणूनच शब्द नेमका हवा. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे रॅगिंगविरोधी विनियम काढून वाच. त्यात या दोन शिक्षा वेगवेगळ्या दिल्या आहेत: रस्टिकेशन एक ते चार सत्रांसाठी, आणि त्याहून वरची शिक्षा म्हणजे संस्थेतून काढून टाकणं आणि ठरावीक काळ दुसरीकडेही प्रवेश बंद. महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आणखी कडक आहे. न्यायालयात गुन्हा शाबीत झाला तर विद्यार्थ्याला काढून टाकायचं आणि पाच वर्षं कुठंच प्रवेश द्यायचा नाही. 'निष्कासित' लिहिलंस तर एका शब्दानं तू त्याला वरच्या पायरीवर नेऊन ठेवशील. 'निलंबित' लिहिलंस तर चौकशी अजून चालू आहे, असं वाटेल.

तेव्हा एका शब्दाचा नाद सोड आणि सरळ वाक्य लिही: 'अमुक दोन सत्रांसाठी महाविद्यालयात व वसतिगृहात येण्यास मनाई; अमुक तारखेस प्राचार्यांसमोर हजर राहून पुन्हा प्रवेश घ्यावा.' तारीख अंकांत घाल. त्याच्या शिष्यवृत्तीचं आणि परीक्षा अर्जाचं काय होणार, तेही त्याच कागदावर असू दे, नाहीतर कार्यालयातला बाबू आपल्या मनानं ठरवेल. मुदत ठरवताना त्रास झालेल्या मुलाचं वेळापत्रक समोर ठेवा. परतल्यावर दोघे एका वसतिगृहात राहता कामा नयेत. आणि आदेशाची प्रत देण्याआधी शिक्षा झालेल्या मुलाला विचारा, की या काळात तो राहणार कुठं. घरी त्याचं कोण आहे, हे समितीत कुणाला ठाऊक आहे का?

मसुदा झाला की पाठव, वाचून देते.

तुझी,
मावशी