कोयत्याचे पाणी

गावच्या लोहाराकडून मी मोटारीच्या पाट्याचा कोयता मुद्दाम घडवून घेतला. पहिल्याच दिवशी बाभूळ तोडताना धारेचे टवके उडाले. शेजारी म्हणाले, "सहाणेवर घासून टाका, साहेब."

पण घासून खोट जात नाही, अन् उडता टवका डोळ्यात गेला तर? टवके उडाले तर पाणी जास्त बसले. धार मुडपली तर कमी, हे शेतकरी बंधूंनी ओळखावे.

कोयता लोहारदादांनाच दाखवला. त्यांनी पाते घासून चकचकीत केले, मंद आचेवर धरले आणि धारेवर गव्हाळ पिवळा रंग चढताच बाजूला घेतले. आता बाभूळ तुटते, धार टिकते.

मात्र विजेच्या सहाणेवर धार निळी पडू देऊ नका; दिलेले पाणी उतरते. आणि खोट दिसली की भांडू नका, घडवणाऱ्याला दाखवा.