नानांची सही

वायुसेनेतल्या प्रत्येक विमानाचं एक रजिस्टर असतं, फॉर्म ७००. इंजिन, चाकं, इंधन, शस्त्रं, ज्याने जे तपासलं त्याने त्यासमोर सही करायची. शेवटी वैमानिक सही करतो आणि विमान त्याच्या ताब्यात जातं. इंजिनाच्या रकान्यात वर्षानुवर्षं सही करणारे आमचे नाना, माझे थोरले चुलते, गेल्या महिन्यात गेले. वय ऐंशीच्या पुढे. भोकरदनात कोणी त्यांना इंजिनिअर म्हटलं की ते लगेच दुरुस्त करत, "इंजिनिअर नाही, फिटर."

त्यांचा जन्म केळना नदीकाठच्या खेड्यातला. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य संपलं तेव्हा ते दुडूदुडू चालत होते. चीनच्या युद्धानंतर भरती वाढली, त्यात वायुसेनेत लागले. जालन्याहून मीटरगेजच्या गाडीत बसून थेट मद्रासजवळच्या तांबरमला, इंजिनाचं शिक्षण घ्यायला. एवढ्या लांब जायची भीती नाही वाटली का, असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. पॉम्पेईच्या राखेत सापडलेली हस्तिदंती मूर्ती आपल्या भोकरदनची असावी, असं जाणकार म्हणतात. "दोन हजार वर्षांखाली आपला माल रोमला गेला, मग मी तांबरमला गेलो त्यात काय एवढं?"

पुढे त्यांची गाठ मिग-२१ शी पडली, ती शेवटपर्यंत. हे रशियन विमान १९६३ साली चंदीगडला आलं. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना १९६४ मध्ये ओझरला त्याचा कारखाना उभा राहिला. नाकातून हवा ओढणारं, एका इंजिनाचं हे विमान उतरताना इतक्या वेगात येई की मागे छत्री उघडून त्याला आवरावं लागे. इंजिन बाहेर काढायचं तर मागचा अर्धा सांगाडा सोडवून मागे ओढायचा. ते काम नाना हातवारे करत आम्हाला इतकं दाखवत की माझ्या धाकट्या बहिणीने एकदा शिलाई मशीन तसंच उलगडून ठेवलं होतं.

हत्यारं मोजून आणायची आणि मोजून परत ठेवायची, ही त्या धंद्यातली पहिली शिस्त. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही, कारण इंजिनात राहिलेला साधा बोल्टही आतली पाती चिरून टाकतो. नानांनी ही शिस्त घरी आणली. पडवीच्या भिंतीवर फळी, फळीवर पकड, पाने आणि स्क्रू ड्रायव्हर यांच्या रंगवलेल्या आकृत्या. संध्याकाळी एखादी आकृती रिकामी दिसली की पोरांना ताटावर बसू देत नसत. वावरातली मोटार मात्र ते हत्यार न लावताच तपासत. लाकडी दांडक्याचं एक टोक मोटारीला आणि दुसरं कानाला लावायचे. "बेअरिंग गेलं," म्हणायचे, आणि गेलेलंच असे.

मिगला लोक 'उडती शवपेटी' म्हणत. अपघात फार झाले, तरुण वैमानिक गेले, हे नाना नाकारत नव्हते. पण हा शब्द निघाला की उठून जात. एकदाच म्हणाले होते, "आपण सही केलेलं इमान परत उतरत नाही तोवर घास उतरत नाही." १९७१ च्या डिसेंबरात ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिगनी हल्ला केला. त्याच्या गोष्टी आम्ही वैमानिकांच्या अंगाने ऐकल्या. खाली धावपट्टीच्या कडेला थांबून आकाशाकडे बघणाऱ्यांवर कोणी पुस्तक लिहीत नाही.

युद्धामागोमाग १९७२ चा दुष्काळ आला. गावातली माणसं खडी फोडायला गेली, घरोघरी मिलोच्या भाकरी. नानांची मनीऑर्डर मात्र एकाही महिन्याला चुकली नाही. तिच्या कुपनावर दोन ओळींची जागा असे, तीत ते खुशाली विचारत नसत, हुकूम लिहीत: धाकट्याची फी आधी भरा, बैल विकू नका. या दोन ओळींवर माझे वडील मास्तर झाले आणि दोन आत्यांची लग्नं लागली.

कुटुंबासाठी नाना झिजले, असं शोकसभेत सगळे बोलले. खरंच आहे. पण ते तळांवर फिरत होते, क्वार्टर मिळत नव्हतं आणि मिळालं तेव्हा घरचे काकूंना सोडेनात. ती सगळी वर्षं काकू इथे सासूसासऱ्यांचं करत, पाणी शेंदत राहिल्या. शोकसभेत त्यांचं नाव कोणी घेतलं नाही. नानांनी पंधरा वर्षं पुरी करून वायुसेना सोडली आणि ओझरच्या त्याच कारखान्यात, एचएएलमध्ये लागले, तेव्हा कुठे त्यांचा संसार एका छपराखाली आला. मिगच इथेही समोर. काकू सांगतात, टाऊनशिपच्या घरात नळाला पाणी आलं तेव्हा त्या तो नुसता उघडझाक करत बसल्या होत्या.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला गेला. हवाई दल प्रमुख ए. पी. सिंग स्वतः ते उडवत होते. भोकरदनच्या घरात नाना टीव्हीसमोर होते, आवाज वाढवून. निवेदक बोलायला लागला की चिडत, कारण इंजिन ऐकू येत नव्हतं.

ते गेल्यावर कपाटात फाईल मिळाली. वर काकूंचं नाव आणि आत क्रमवार कामं, प्रत्येकापुढे सहीला चौकोन. पहिलं काम: मोटार बंद आहे का बघा. मग मृत्यूचा दाखला, बँक, कुटुंब निवृत्तिवेतन. वायुसेनेच्या कागदांवर जिल्हा औरंगाबाद लागलाय, कारण जालना जिल्हा १९८१ ला झाला, हे साहेबांना सांगा, अशी टीप आणि तिच्यामागे जोडलेला पुरावा. काकूंच्या नावातली वेलांटीसुद्धा त्यांनी आधीच सगळीकडे सारखी करून घेतली होती.

काकूंनी यादीप्रमाणे सगळं केलं, चौकोनात सह्या केल्या. शेवटचं काम उरलं, येणारे पैसे पोस्टात मुदतीने ठेवायचं. मी फॉर्म आणला तर म्हणाल्या, "ते बघू मागून. आधी मला ते तांबरम दाखव."