कानावरचा मंद प्रवाह

ऐकण्याखेरीज कानाचा बाहेरून दिसणारा भाग, म्हणजे पातळ कातडीने मढवलेली कुर्चा आणि खाली लोंबणारी मऊ पाळी, वेदनेवरील उपचारासाठीही वापरला जातो. त्यावरील ठरावीक बिंदूंत बारीक सुया टोचून विजेचा मंद, तुटक प्रवाह सोडणे, ही ॲक्युपंक्चरची एक स्वतंत्र शाखा आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याला कानाचे हे महत्त्व परके वाटू नये. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची समाधी असून, त्यांचा जन्म हत्तीच्या कानातून झाल्याची कथा नाथभक्तांत सर्वांना ठाऊक आहे; शिवाय नाथपंथातील कानफाटे जोगी कानाच्या मधल्या खोलगट भागातील कुर्चा चिरून तिच्यात कुंडल घालतात आणि त्या छेदाने योगसाधनेला उपकारक अशी नाडी जागी होते, असे परंपरा मानते. आधुनिक शरीररचनाशास्त्राप्रमाणे मेंदूपासून निघून हृदय, फुप्फुसे आणि जठरापर्यंत जाणाऱ्या व्हेगस या चेतातंतूची त्वचेपर्यंत पोहोचणारी एकमेव शाखा याच खोलगट भागात येते. एवढ्यावरून परंपरेचा दावा सिद्ध होत नाही, परंतु हा योगायोग अभ्यासकाने विसरावा असाही नाही.

आज वापरात असलेला कानाचा नकाशा मुख्यतः फ्रान्समधील लियाँ शहराचे डॉक्टर पॉल नोजिए यांनी १९५० च्या दशकात मांडला. सायटिकाच्या काही रुग्णांच्या कानावर गावठी वैद्याने दिलेले डाग त्यांना दिसले, आणि डागल्यानंतर कळ थांबली असे ते रुग्ण सांगत होते. तेथून पुढे त्यांनी कानावर उलट्या गर्भाची आकृती कल्पून पाळीला डोके आणि बाहेरच्या कडेला समांतर असलेल्या आतल्या उंचवट्याला कणा ठरवला. विजेची जोड ठळकपणे पुढे आली ती हाँगकाँगमध्ये. शस्त्रक्रियेच्या वेळी वेदना कमी करण्यासाठी सुयांतून प्रवाह दिला असता अफूच्या व्यसनी रुग्णाची तलफ आणि अंगदुखी ओसरल्याचे डॉक्टर वेन यांना आढळले, आणि १९७३ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. पुढे बीजिंगचे हान जीशेंग यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले की सेकंदाला २ ठोके दिल्यास एन्केफॅलिन आणि १०० ठोके दिल्यास डायनॉर्फिन ही शरीराचीच वेदनाशामक द्रव्ये अधिक स्रवतात.

या कलेचा खरा कस मात्र यंत्रापाशी नसून बोटांपाशी लागतो. बोथट टोकाच्या सळईने कानावर हळूहळू दाब देत गेल्यावर एखाद्या जागी रुग्णाचा डोळा आपोआप मिटतो, आणि तीच जागा बहुधा टोचण्यायोग्य असते. बिंदू शोधणारे विद्युतयंत्र मदतीला असते खरे, पण घाम आलेल्या कानावर ते हवे तिथे वाजते. कातडी स्पिरिटने पुसून ती पूर्ण वाळल्यावर पाव मिलिमीटरपेक्षाही बारीक सुई दोन-तीन मिलिमीटर टोचली जाते, तिला जोडलेल्या विजेच्या चिमट्याच्या वजनाने ती ओढली जाऊ नये म्हणून चिमट्याची तार गालावर चिकटपट्टीने धरली जाते, प्रवाह सोडणाऱ्या यंत्राचे बटण शून्यावर असल्याची खात्री होते आणि मगच ते अगदी सावकाश फिरवले जाते. प्रवाह किती असावा याचे उत्तर तबकडीवर नसते, ते रुग्णाच्या शब्दांत असते. मराठी रुग्णाजवळ या शब्दांची श्रीमंती मोठी आहे: मुंग्या येणे, झिणझिण्या, चमक, ठणका आणि कळ यांतला फरक तो अचूक सांगतो. मुंग्यांपाशी थांबावे, चमक म्हटली की बटण मागे घ्यावे. वीस ते तीस मिनिटांच्या बैठकीत शरीराला सवय होऊन संवेदना मंदावते, म्हणून उपचारकाने पुन्हापुन्हा विचारत राहणे आवश्यक ठरते.

पाथर्डी-शेवगावच्या पट्ट्यातील ऊसतोड मजुरांची कंबर आणि मान डोक्यावरून मोळ्या वाहून जायबंदी होते. अशा दुखण्याला हा उपचार काही काळ आराम देऊ शकतो, पण दिवाळीनंतर कुटुंब कारखान्याकडे निघाले की ठरलेल्या बैठका अर्ध्यावर राहतात, आणि मोळीचे वजन तर कोणत्याही सुईने कमी होत नाही. हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगणे प्रामाणिकपणाचे आहे.

पुराव्याची बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. वेदनेच्या बाबतीत आशा धरण्यास जागा आहे. व्यसनाच्या बाबतीत मात्र अमेरिकेत कोकेनच्या ६२० व्यसनींवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कानाच्या नेमक्या बिंदूंवर टोचलेल्या साध्या सुया, म्हणजे वीज न जोडलेल्या, चुकीच्या जागी टोचलेल्या सुयांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. हृदयात पेसमेकर असलेल्याला प्रवाह देऊ नये, गर्भवतीला आणि फेफऱ्याच्या रुग्णाला तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये, आणि मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या सुयांच्या भरवशावर बंद करण्यास कोणी सांगितले तर ते ऐकू नये.

महाराष्ट्रात २०१५ च्या अधिनियमाने ॲक्युपंक्चर उपचारकांसाठी नोंदणीची व्यवस्था झाली आहे. तेव्हा नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नको. सुईची स्वच्छताही पाहावी, कारण कुर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसल्याने तिथे झालेला जंतुसंसर्ग लवकर आटोक्यात येत नाही आणि कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. सुई बंद पाकिटातून रुग्णाच्या डोळ्यांसमोर काढली जात नसेल, तर त्याने कान पुढे करू नये.