देणं पुढच्या पोट्ट्याचं

सौसर-पांढुर्ण्याच्या पोराला पुढे शिकायचं म्हटलं की नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची वाटणी झाली, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि आमची राजधानी नागपूर सीमेपलीकडे गेली. पोरांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. सौसरवाले छोट्या लाइनच्या गाडीने इतवारीला उतरायचे, पांढुर्ण्याचे मोठ्या लाइनने. ट्रंकेत कपडे कमी आणि तुरीची डाळ जास्त.

राहायला समाजाचं वसतिगृह, नाहीतर भाड्याची खोली; फीला समाजाच्या मंडळाची मदत. तिला शिष्यवृत्ती म्हणायचं, पण ती कुठून येते ते डोळ्यांना दिसायचं. संत्र्याचा हंगाम आटोपला की मंडळाचे दोन म्हातारे पावतीपुस्तक घेऊन गावोगाव हिंडत. बाग साधली असेल तो पाचाऐवजी अकराची पावती फाडायचा, बुडाली असेल तो चहा पाजून हात जोडायचा. आपली फी कुणाच्या बागेतून आली, हे पोराला नावानिशी ठाऊक असे.

परतफेडीचा हिशेबही तसाच. पहिल्या पगारातून खोलीमालकिणीला थकलेलं भाडं द्यायला गेलं, तर ऐकायला मिळे, ‘मले नोको देऊ. तुह्या गावचा अजून एखादा पोट्टा येईन, त्याले दे.’ मग तो पुढचा पोट्टा आपल्याच खोलीत येऊन पडायचा, सतरंजीसकट.

तसं पाहिलं तर मोठ्यांच्याही बाबतीत देणं आलं त्याच दारी परत गेलं नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. करार होता दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा. १९१७ ला ते बडोद्यात आले, पण तिथे त्यांना राहायला जागाही मिळू दिली नाही, नोकरी सोडावी लागली. करार तिथेच राहिला; १९४५ ला मात्र त्यांनी पुढच्यांच्या शिक्षणासाठी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. जमशेटजी टाटांनी १८९२ साली विद्यार्थ्यांसाठी निधी काढला तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचा; एकाने फेडायचं, म्हणजे दुसऱ्याच्या शिक्षणाची सोय होते. यात भावनेपेक्षा व्यवहार जास्त आहे, आणि मला तोच आवडतो.

आता छोटी लाइन नाही. २०१५ ला ती बंद पडली आणि तिथे मोठी आली. २०२३ ला पांढुर्णा जिल्हाही झाला, दाखल्यासाठी छिंदवाड्याच्या चकरा कमी झाल्या. शिष्यवृत्ती पोर्टलवरून थेट खात्यात पडते. हे वाईट आहे असं कोण म्हणेल? म्हाताऱ्यांपुढे हात पसरण्यातली लाज गेली, ही मोठीच गोष्ट. पण देणारा दिसेनासा झाला, आणि सरकारचे उपकार फेडायला कोण निघतो?

मंडळं अजून आहेत, अडलेल्या पोराला हात देतात. पण त्यांच्याकडे शिकून गेलेल्यांचे पत्ते नाहीत. पुण्या-बंगळुरातले आमचे इंजिनिअर पोळ्याला गावी येतात, जाम नदीवर दगडफेकीची गोटमार बघतात, सत्कारात शाल-श्रीफळ घेतात, एकरकमी काहीतरी जाहीर करतात. फ्लेक्सवर फोटो येतो. मंडळाला पंचाईत ही की मुलाची फी चार वर्षं भरायची असते आणि देणगी एकदाच आलेली असते. शंभर जणांनी महिन्याला दोनशे रुपये लावून दिले तर वर्षाला २ लाख ४० हजार होतात. त्या भरवशावर मुलाला ‘ये’ म्हणता येतं.

पैशाहून जास्त अडतं दुसऱ्याच ठिकाणी. सरकारी समग्र आयडी एका नावाने, मार्कशीट दुसऱ्याच. घरी मराठी, शाळा हिंदीतून. मूळ निवासी दाखला मध्य प्रदेशचा आणि कॉलेज महाराष्ट्रात. ‘या कागदावर काय लिहायचं’ हे सांगायला दोन वर्षांपूर्वी तोच फॉर्म भरलेला मुलगाच हवा. अर्ज खरा की खोटा हे मंडळाला नागपुरात बसून कळत नाही. आमच्याकडच्या मोहगावचा माजी विद्यार्थी सुट्टीत गावी आला की अर्ज करणाऱ्याच्या घरी जाऊन पाहू शकतो. दोन तासांचं काम, आणि चुकीच्या घरी जाणारी मदत वाचते. मुलींच्या बाबतीत तर याहून जास्त: नागपूरला शिकून आलेली एखादी ताई घरी येऊन बोलली की आईबापांचा अर्धा नकार तिथेच सैल होतो.

हे सगळं प्रवेशाच्या वेळी, मे-जूनमध्येच लागतं, दिवाळीत सुचून उपयोग नाही. आणि पावती मात्र फाडायचीच, करात सूट मिळो न मिळो.