कानाने ओळखायचे यंत्र

मोटारसायकलीसारख्या विषयावर धर्मगुरूने लेखणी उचलावी, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आयुष्याची पंचविसेक वर्षे ज्याने रात्री-अपरात्री आजाऱ्यांच्या भेटीसाठी दुचाकीवरून प्रवास केला, त्याला या वाहनाविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार असावा, असे आम्हांस वाटते. तर्कशास्त्र आम्ही सेमिनरीत शिकलो. कार्यकारणभाव मात्र खऱ्या अर्थाने उमगला तो रस्त्याच्या कडेला, बंद पडलेल्या गाडीशेजारी उकिडवे बसून.

जुन्या मोटारसायकलीचे नाव काढले की आपल्याकडे बुलेट आठवते. मूळची ही इंग्लंडमधील रेडिचची. तिच्या निर्मितीसाठी १९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला, परंतु मद्रासची बुलेट चालूच राहिली आणि तिच्या इंजिनाची मूळ रचना अर्धशतकात फारशी बदलली नाही. ती सुरू करणे हा एक विधीच असे. किल्ली फिरवायची, किक हळूहळू दाबत अॅमीटरचा काटा मध्यावर येतो का ते पाहायचे, डिकम्प्रेशनची कळ ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा आणि मग अंगाचा भार टाकून किक मारायची. काटा मध्यावर आला म्हणजे पॉइंट उघडले, हे चालवणाऱ्याला ठाऊक असे. यंत्राच्या पोटात काय चालले आहे हे जाणल्याशिवाय ते सुरूच होत नसे.

त्या काळच्या साऱ्याच गाड्यांची ही रीत होती. पॉइंटवर काजळी धरली तर पॉलिश पेपरचा तुकडा फिरवावा. कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला तर जेट काढून फुंकर मारावी. प्लग काळा पडला तर पेट्रोल जास्त येते, पांढरा पडला तर कमी येते, असे समजावे. दोष डोळ्यांना दिसे, कानांना ऐकू येई, बोटांना जाणवे.

आमच्या बाजारपेठेतील मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला लावून त्याची मूठ कानाशी धरीत आणि वैद्याने नाडी पाहावी तसे निदान करीत. त्यांच्या दुकानाबाहेरच्या बाकावर कोळी, शेतकरी, शिक्षक आणि आम्ही असे सारे ताटकळत बसत असू. कोणाच्या घरी आजार आहे, कोणाची वाडी गहाण पडली आहे, कोणते दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, हे धर्मग्रामाच्या कार्यालयात आम्हांला कोणी सांगितले नाही. ते त्या बाकावर कळले.

आता नवी गाडी पाहू. लांबच्या प्रवासाची मोटारसायकल म्हणून जगभर नाव कमावलेली होंडाची गोल्ड विंग १९७५ साली आली तेव्हा तिलाही कार्बोरेटरच होते. २००६ च्या सुमारास तिच्यात एअरबॅग आली, तर २०१८ च्या गाडीत स्वतःहून बदलणारे सात गिअर. २०२० साली डुकाटीने मल्टिस्ट्राडा व्ही-४ या गाडीला पुढे आणि मागे रडार बसवले. समोरच्या वाहनापासूनचे अंतर ती आपणच राखते. आपल्याकडे २०२३ साली आलेल्या हिमालयन ४५० मध्ये मूठ पिरगाळली की तार ओढली जात नाही. चालकाची इच्छा संगणकाला कळवली जाते आणि हवेची झडप किती उघडायची ते तो ठरवतो.

हा केवळ डामडौल नव्हे. लडाखच्या उंच खिंडींत हवा विरळ होते. कार्बोरेटर मात्र समुद्रसपाटीवरच्या हिशेबानेच पेट्रोल देत राहतो. प्लग काळा पडतो, गाडी धापा टाकते. फ्युएल इंजेक्शनची गाडी हवेचा दाब मोजून पेट्रोल आपोआप कमी करते.

गेल्या वर्षी याच लडाखवरून आमच्याकडे एक प्रश्न आला. धर्मग्रामातील एका तरुणाला वडिलांची जुनी बुलेट दुरुस्त करून लेहला जायचे होते. वडिलांना अभिमान वाटत होता. आईला धास्ती होती. त्याने नवी, एबीएस असलेली गाडी न्यावी, असे तिचे म्हणणे. "फादर, तुम्हीच सांगा त्याला. तुमचे ऐकेल तो," ती म्हणाली.

जुन्या यंत्राचा जिव्हाळा आम्हांलाही आहे. परंतु धर्मगुरूच्या वाट्याला एक काम येते, जे मिस्त्रींच्या वाट्याला येत नाही. पावसाने ओला झालेला रस्ता, समोर अचानक आलेले कोणी, करकचून दाबलेला ब्रेक, जागीच अडकलेले पुढचे चाक. एवढ्यात संपलेली तरुण आयुष्ये आम्ही दफनभूमीपर्यंत पोहोचवली आहेत. त्या आयांच्या शेजारी उभे राहिल्यावर जुने ते सोने म्हणण्यास जीभ रेटत नाही.

मोटारसायकलीला एबीएस प्रथम बीएमडब्ल्यूने १९८८ साली दिले. चाक अडकू लागले की सेन्सरला ते कळते आणि ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा सुटतो व पुन्हा धरला जातो. भीतीच्या क्षणी माणसाच्या बोटांना हे साधणे नाही. भारतात १२५ सीसीवरील साऱ्या नव्या दुचाकींना ते १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले. त्याला तीस वर्षे लागली, याचीच आम्हांला खंत वाटते.

आम्ही त्या मुलाला म्हणालो, "लेहला नवी गाडी ने. वडिलांची गाडी विकू मात्र नकोस. सुट्टीच्या दिवशी तिचा कार्बोरेटर आपल्या हाताने उघड."

त्याने विचारले, "फादर, नवी वाटेत बंद पडली तर?"

या प्रश्नाला आमच्याजवळ चांगले उत्तर नव्हते. आमच्या स्वतःच्या नव्या गाडीच्या पॅनेलवर एकदा घाटात पिवळा दिवा लागला आणि गाडी जोर धरीना. मिस्त्रींनी कान लावला, मान हलवली. "आवाज तर बरा आहे, फादर." गाडी टेम्पोत घालून शहरातील वर्कशॉपमध्ये न्यावी लागली. तिसऱ्या दिवशी तिथे एक यंत्र जोडले गेले, एका सेन्सरचा कनेक्टर सैल असल्याचे त्यावर उमटले, आणि दहा मिनिटांत काम झाले. ते दहा मिनिटांचे काम मिस्त्रींनाही करता आले असते. दोष कुठे आहे, एवढे त्यांना कोणी सांगायला हवे होते.

आमचे गाऱ्हाणे आहे ते एवढेच. संगणक माणसाचा जीव राखतो, याबद्दल त्याचे ऋण मानावे. परंतु गाडीचे दुखणे तो मोजक्या दारांआडच बोलून दाखवतो. गाडी विकत घेणाऱ्याला आणि गावच्या कारागिराला ते कळू नये, यात सुरक्षिततेचा कोणता हेतू साधतो, हे आम्हांस उमगलेले नाही. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत वाहनेही होती. हा प्रश्न केवळ आमच्या बाजारपेठेचा नाही, हे त्यावरून दिसते.

तो मुलगा नव्या गाडीवरून लेहला जाऊन सुखरूप परतला. मिस्त्रींच्या मुलाने आता काही गाड्यांचे कोड वाचणारे एक छोटे यंत्र घेतले आहे. कोड वाचून झाला की तो वडिलांना हाक मारतो. वडील स्क्रूड्रायव्हर कानाशी धरतात. दोघांचे एकमत झाल्यावरच बाकावरच्या गिऱ्हाइकाला खर्चाचा आकडा सांगितला जातो.